टाळूचा वास

"मावशी, एक सांगू? हसायचं नाही हं."

"हसू कशाला? बाळंतिणींच्या बोलण्याला हसत बसले तर माझी पुढची घरं राहतील. बोल तू."

वैजूमावशी खेराडे मोडकांच्या न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर शर्वरी मोडकचं बावीस दिवसांचं बाळ पालथं पडलं होतं आणि मावशीचे अंगठे त्याच्या पाठीवरून फिरत होते. एकतीस वर्षं ती हे काम करत होती. चिपळुणातल्या निम्म्या पोरांचे पाय सरळ आहेत ते आपल्यामुळे, असं ती उघड म्हणायची, आणि कुणी ते खोडून काढत नसे.

"याच्या टाळूला वासच येत नाही हो," शर्वरी म्हणाली.

"सर्दी झालीय तुला. ओव्याची पुरचुंडी हुंग."

"बाकी सगळ्याचा येतो. तेलाचा येतो, धुरीचा येतो. याचाच येत नाही. आणि पाच दिवस झाले, हा अंगावर धड पीत नाही. जवळ घेतलं की तोंड इकडून तिकडे फिरवतो, शोधत राहतो, मग रडून रडून काळानिळा होतो." तिचा आवाज बारीक झाला. "कुणाला सांगू नका. मला तो माझा वाटतच नाही. कुणाचं तरी पोर आणून ठेवल्यासारखं वाटतं."

मावशीने बाळ उचललं आणि टाळूला नाक लावलं. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळत नाही. इथे तेल होतं, हळद होती, डाळीचं पीठ होतं. त्याखाली काहीच नव्हतं. शेंबेकरांच्या सुनेने परवा हेच सांगितलं होतं, आणि बुरट्यांच्या मुलीने त्याच्या आदल्या दिवशी. त्या दोघींनाही तिने ओवाच हुंगायला लावला होता.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाळाचा वास असा जातो कुठे?

दोन हजार एक्केचाळीस सालच्या पावसाळ्यात डेंग्यूने कोकणात कहर केला. वैजूचा नवरा त्यातच गेला. सोमवारी ताप आला आणि शुक्रवारी घर रिकामं झालं. तोवर डास पळवायला अंगाला जे काही लावायचो ते सहा-आठ तासांत उतरायचं. घामाने जायचं, पाण्याने जायचं, आणि लावायला विसरलं तर आटोपलंच. मग 'निर्धास्त' आलं.

त्यामागची कल्पना साधी आणि, मान्य करायला हवं, हुशार होती. डासाला श्वासावरून माणूस आसपास आहे एवढंच कळतं, अंगावर येऊन बसतो तो अंगाच्या वासावरून. पण ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्या कातडीवर कोट्यवधी जीवाणू राहतात, ते घाम आणि कातडीवरचं तेल खातात, आणि त्यातून वास तयार होतो. प्रत्येकाच्या अंगावरची ही वस्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. 'निर्धास्त'मध्ये विष नव्हतं, रसायन नव्हतं. त्यात प्रयोगशाळेत घडवलेले जीवाणू होते. ते कातडीवर जाऊन बसायचे, जुन्या मंडळींच्या तोंडचा घास पळवायचे आणि स्वतः मात्र कसलाही वास सोडायचे नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा लावलं की झालं. थंडीत कातडी कोरडी पडली की आपोआप मरून जायचे. तोवर डासाच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच!

त्वचालेप सुरक्षा मंडळाने ते तीन वर्षं तपासलं. खाज येते का, फोड येतात का, रक्तात उतरतं का, डोळ्यात गेलं तर काय होतं. शेकडो माणसं उपाशी डासांच्या पिंजऱ्यात हात घालून तासन्‌तास बसली. हातात हात दिल्याने दुसऱ्याच्या अंगावर जातं का, तेही पाहिलं. गेलं तरी दोन दिवसांत मरत होतं. सहा महिन्यांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावू नये, असं बाटलीवर ठळक छापलं. फक्त एक पाहायचं राहिलं. तेच हात रोज तासभर, तेल घेऊन, तान्ह्या अंगावर चोळले तर काय होतं? मंडळाच्या इमारतीत बाळंतपणं होत नाहीत, त्याला ते तरी काय करणार!

मावशीने पहिल्याच वर्षी लावलं. दारोदार फिरणाऱ्यांनी तर लावायलाच हवं, असं आरोग्यसेविका सांगून गेली होती. महिनाभरात मावशीच्या लक्षात आलं की आपल्या हाताखालच्या बाळांना डास चावत नाहीत. बायकांच्याही आलं. मावशींच्या हाताला गुण आहे, असं घराघरांत बोललं जाऊ लागलं. आवडलं तिला. का आवडू नये? नवऱ्याला नेलं ते दुखणं निदान या पोरांना तरी शिवणार नव्हतं. बाटलीवरचं तिने वाचलं होतं. बाळाला लावू नये म्हणतात ना, मग ती बाळाला लावतच नव्हती. स्वतःच्या हातांना लावत होती. फक्त वर्षातून एकदा लावायचं ते दर सोमवारी, कोपरापर्यंत.

त्या दुपारी मोडकांकडून ती थेट डॉक्टर मेहरुन्निसा परकारांच्या दवाखान्यात गेली. लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून त्यांना सगळं चिपळूण ओळखत होतं. मावशीला पाहून त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला.

"मी तुम्हाला बोलावणारच होते. अकरा बाळं आहेत, मावशी. वजन वाढायचं ते घटतंय. रक्त तपासलं, घसा पाहिला, सगळं ठीक. आणि अकराच्या अकरा घरी तेल लावायला तुम्ही."

"म्हणजे मीच ना?"

"बसा आधी."

"बसत नाही. आधी सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नुकतं जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर ठेवलं, तर ते हळूहळू सरपटत छातीपर्यंत जातं. त्याला नीट दिसतही नाही. आईचा वास हाच त्याचा रस्ता. आणि आईलाही, लेकराची ओळख पटते त्यात वासाचा वाटा मोठा. मावशी तेल बाळालाही लावत होती आणि बाळंतिणीलाही. त्यामुळे दोन्हीकडून रस्ता पुसला गेला होता.

"पण ते तर दोन दिवसांत मरतं म्हणाले होते."

"तेच मला कळत नाहीये. तुमचं तेल बघू."

मावशीने पिशवीतून चिनी मातीची छोटी बरणी काढली. ती सासूची. सासूने देताना बजावलं होतं, बरणी कधी तळापर्यंत रिकामी करायची नाही. कालचं थोडं ठेवायचं, त्यावर आजचं ओतायचं; म्हणजे आधीच्या बाळांचं आयुष्य पुढच्यांना लागतं. मावशीने तो रिवाज एकतीस वर्षं मोडला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बरणी तिरकी केली. तळाशी हळद, डाळीचं पीठ आणि सायीचा ओलसर पिवळा गाळ साचला होता. त्यांनी त्यातलं थोडं काडीवर घेतलं, मावशीच्या तळहातावरूनही एक काडी फिरवली.

चार दिवसांनी त्यांनीच फोन करून बरणीसकट बोलावून घेतलं.

"हे विरजण झालंय, मावशी," त्या म्हणाल्या. "आपण कालच्या दह्यातून आजचं लावतो ना, तसं. तुमच्या हातावरून ते बरणीत उतरलं; नुसत्या तेलात जगलं नसतं, या गाळात जगलं. तीन पावसाळे तुम्ही जपलंत. आधी कच्चं होतं, आता मुरलंय. थंडीत मरत नाही, साबणाने जात नाही. औषधी पाण्याने धुतलं तर आठवडाभर दबतं, मग परत येतं."

"पोरांचं काय होणार?"

"वाटी-चमच्याने पाजू. जीवाला काही होऊ देणार नाही मी."

"आणि वास?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "माहीत नाही."

मावशी आता खाली बसली. "माझी सलोनी येतेय गुरुवारी. आठवा लागलाय. जावई जहाजावर असतो, बाळंतपण मलाच करायचंय. मी तिला हात लावला तर?"

"कोरड्या हाताने ते रुजत नाही, असं कंपनी म्हणते."

"कंपनीचं राहू द्या हो. तुम्ही काय म्हणता?"

"तुमच्या हातावरचं आता कंपनीचं राहिलेलं नाही, मावशी. मला खरंच माहीत नाही."

बरणी त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतली. मावशी रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

गुरुवारी सलोनी पोट सांभाळत रिक्षातून उतरली आणि हात पसरूनच पुढे आली. मावशी दोन पावलं मागे सरकली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"काय गं आई? कुणी रागावलंय का?"

"आत ये. लांबूनच बोलू. हात खराब झालेत माझे."

सलोनीने सगळं ऐकून घेतलं. मग एकदम उसळली. "जगाच्या पोरांना चोळलंस तू! मी शाळेतून यायचे तेव्हा कुणाच्या तरी न्हाणीघरात असायचीस. मी कधी काही म्हटलं? एवढंच म्हटलं, माझ्या वेळी तरी आई माझी असेल. आणि आता हात खराब झाले? धू ना मग!"

"धुतले गं. सोलून काढायचेच बाकी राहिलेत."

सलोनी रडायला लागली. जवळ घ्यायची सोय नव्हती. मावशीने उभ्या उभ्या पदर तोंडात धरला आणि तीही रडली. दोघींच्या मध्ये चार फरश्यांचं अंतर होतं.

डॉक्टरीणबाईंनी मंडळाकडे तक्रार पाठवली होती. सुनावणी पडद्यावर झाली. दवाखान्यातल्या खुर्च्यांवर डॉक्टरीणबाई आणि मावशी, आणि पडद्यावर तळवलकर नावाचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"लेप बाळाच्या त्वचेला लावला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, पण या मावशींच्या—" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"'नाही' लिहितो. पुरळ? दाह? फोड?"

"नाही."

"झटके, श्वासाचा त्रास?"

"नाही. अहो, बाळं दूध पीत नाहीयेत! त्यांचा वास गेलाय."

तळवलकरांनी कागद वरखाली केले. "डॉक्टर, वास जाणं हा दुष्परिणाम धरता येत नाही. तो परिणाम आहे. बाटलीवर तेच लिहिलंय. त्याला इथे रकाना नाही. मी शेऱ्यात नोंद करतो."

आता मावशीला राहवेना. "साहेब, रागावू नका, एक विचारते. तुमच्या आईला वास होता का?"

पडद्यावरच्या माणसाने हातातले कागद खाली ठेवले. "होता," मग तो म्हणाला. "बाई, एक्केचाळीस साली माझा धाकटा भाऊ गेला. यंदा अख्ख्या जिल्ह्यात डेंग्यूने कोणी गेलेलं नाही. हे बाजारातून काढा, असं मी कुणाच्या तोंडावर सांगू?"

"माझा नवरा गेला त्याच साली. मला नका शिकवू. पण ही अकरा पोरं कुणाच्या तोंडाकडे बघतील?"

"अभ्यासगट नेमण्याची शिफारस करतो. अठरा महिने तरी लागतील."

"अठरा महिन्यांत पोरं चालायला लागतात हो!"

तळवलकरांनी मान खाली घातली आणि पडदा बंद झाला.

तीन आठवड्यांनी मंडळाचं परिपत्रक आलं. डॉक्टरीणबाईंनी मावशीला ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'निर्धास्त'बद्दल त्यात अक्षर नव्हतं. सहा महिन्यांखालील बालकांना नोंदणी नसलेल्या व्यक्तीने तेल लावू नये, एवढंच होतं. नोंदणी कुठे करायची, ते लिहिलेलं नव्हतं, कारण तसं कार्यालयच नव्हतं. कंपनीने बाटलीवर बारीक अक्षरात एक ओळ वाढवली: मालिश करणाऱ्यांनी वापरू नये.

"म्हणजे काय झालं शेवटी?" मावशीने विचारलं.

"शेवटी तुम्हाला बंदी झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागद भिरकावून दिला.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ज्या दारांत चहा झाल्याशिवाय मावशीला सोडत नसत, ती दारं ती दिसली की लागायला लागली. तिने कुणाला बोल लावला नाही. एकटी शर्वरी मोडक बाजारात भेटली तेव्हा थांबली. खांद्यावर बाळ होतं, पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती.

"रोज हुंगते, मावशी," ती म्हणाली. "अजून नाही."

एवढंच म्हणून ती गेली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मावशीला त्या रात्री झोप लागली असती.

सलोनीला मुलगी झाली. मावशी काचेपलीकडे उभी होती. परिचारिकेने तो ओला, लालभडक गोळा सलोनीच्या पोटावर ठेवला. आधी काही झालं नाही. मग डोकं हललं. एक गुडघा पोटाशी आला, ताठ झाला, आणि पोर बोटभर पुढे सरकली.

"जा गं बाई," मावशी काचेला तोंड लावून म्हणाली. "जा. तिकडेच आहे. जा."

पोर थांबली, नाक घासलं, पुन्हा सरकली. पाऊण तास लागला तिला. तोंडात धरलं तेव्हा सलोनीने काचेकडे पाहिलं आणि हसली. तिथेच बाकावर बसून मावशी ओक्साबोक्शी रडली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत राहिली, "काही नाही हो, नात झाली, नात."

घरी आल्यावर सलोनीच्या खोलीचा उंबरठा मावशीने स्वतःला बंद केला. ताट उंबरठ्यावर ठेवायचं आणि मागे व्हायचं. सलोनी म्हणायची, "आई, नुसतं मांडीवर घे, तेल नको लावूस." मावशी हात पदराखाली घट्ट धरायची. तेल सलोनीच लावायची, आणि मावशी दारातून सांगायची. "अंगठा आडवा नको, उभा. अगं, मोडणार नाही ती! टाळूवर दाबायचं नाही, तेल नुसतं सोडायचं, ते आपलं आपण जिरतं." सांगताना तिची बोटं पदराखाली हलत असायची.

तेराव्या दिवशी सकाळी सलोनी आंघोळीला गेली होती. बाळ पाळण्यात होतं. मावशी नेहमीसारखी दारात उभी होती. मच्छरदाणीचं एक टोक वर राहिलं होतं, ते तिला दिसलं. आणि मग डास दिसला. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो तो. बाळाच्या कपाळावर, टाळूच्या जरा खाली, तो निवांत बसला होता.

"सलोनी!"

न्हाणीघरात पाणी चालू होतं.

मावशीने उंबरठा कधी ओलांडला, तिचं तिलाच कळलं नाही. मच्छरदाणी बाजूला झाली, हात पुढे गेला आणि टाळूपासून चार बोटांवर थांबला. एक चापट मारली असती तर डास मेला असता. पण तो हात त्या कपाळाला लागला असता. एका स्पर्शाने काही होत नाही म्हणतात. काही होतंही असेल. नवऱ्याचा चौथ्या दिवशीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि मोडकांचं पोर आलं, तोंड इकडून तिकडे फिरवणारं. एकतीस वर्षांत तिच्या हातांना काय करायचं ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आता ते नुसते हवेत थबकले होते, आणि डासाचं पोट फुगत फुगत लाल होत होतं.

फुंकर मारायचं सुचलं ते उशिरा. डास जड होऊन उडाला आणि तिच्या अंगावरून असा गेला, जणू ती तिथे नव्हतीच. दाराच्या चौकटीवर टेकला. मावशीने तिथे गच्च हात मारला.

सलोनी ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं?"

"डास चावला तिला. मी... मला मारता नाही आला गं वेळेवर." मावशी मागे मागे होत उंबरठ्याबाहेर गेली होती. "टाळू हुंग तिची. हुंग आधी."

सलोनीने पोर छातीशी घेतली, टाळूला नाक लावलं. तिचे डोळे मिटले. "येतोय, आई. चांगला येतोय."

"यायचाच. म्हणून तर तो आला."

"मग आता?"

"आता ताप बघायचा. आठ-दहा दिवस, रोज. दुसरं काय हातात आहे?"

सलोनी बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली आणि कपाळावरचा लाल ठिपका निरखत बसली. मावशी न्हाणीघरात आली. नळ सोडला. उजव्या तळहातावर चिरडलेला डास होता, आणि त्याच्याभोवती ज्वारीच्या दाण्याएवढं ताजं रक्त. नातीचं तेवढंच तिच्या हाताला लागलं होतं. पाणी वाहत राहिलं, आणि हात त्याखाली धरायचं काही तिच्याने होईना.